केबिनमधली ऊब
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, कधी कधी थंडीपेक्षा थंडीवरचा उपायच माणसाच्या जिवावर उठतो. १५९६ साली विल्यम बॅरेन्ट्स हा डच नाविक चीनकडे जाणारा उत्तरेचा समुद्रमार्ग शोधायला निघाला. नोवाया झेम्ल्यापाशी त्याचे जहाज बर्फात अडकले. खलाशांनी वाहून आलेल्या ओंडक्यांची आणि जहाजाच्या फळ्यांची झोपडी बांधली. डिसेंबरात त्यांनी जहाजावरचा दगडी कोळसा आणून पेटवला आणि ऊब निसटू नये म्हणून दार व धुराडे बंद केले. सगळे खुशीत आडवे झाले. थोड्याच वेळात एकेकाचे डोके गरगरू लागले. ज्याच्या अंगात त्राण उरले होते, त्याने दार उघडले आणि तो तिथेच बर्फात कोसळला. दार उघडले म्हणून सारे वाचले. गेरिट द व्हेर या त्यांच्या सोबत्याने ही हकिकत लिहून ठेवली आहे. ज्या वायूने त्यांना घेरले, त्या कार्बन मोनॉक्साइडला तेव्हा नावही नव्हते. त्याला ना रंग असतो, ना वास.

ही फार जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. पण १९३४ साली अमेरिकेचे ॲडमिरल रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकात बर्फात पुरलेल्या खोलीत एकटेच हवामानाच्या नोंदी घेत होते. तिथे तेलावरची शेगडी होती आणि रेडिओसाठी पेट्रोलवर चालणारा जनरेटर. शेगडीच्या नळीतून धूर झिरपे. जनरेटरचा धूर बाहेर नेणारी नळी बर्फाने तुंबे. बर्ड अंथरुणाला खिळले. त्यांचे निरोप तुटक येऊ लागले, तेव्हा तळावरच्या लोकांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये तीन सहकारी त्यांच्यापर्यंत पोहोचले.

बंद जागेत आग नको, मग ऊब आणायची कुठून? याचे उत्तर विजेने दिले. तारेतला प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा नियम जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडला. पण लालबुंद होऊनही जळून न जाणारी तार मिळत नव्हती. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले आणि घरोघरी विजेचे हीटर आले.

मी अनेक वर्षे वीजतंत्र शिकवले, म्हणून इंग्लंडमधल्या माझ्या भाच्याने विचारले, ‘मामा, बोटीसाठी कोणता हीटर घेऊ?’ तिथल्या कालव्यांवर एकेकाळी मालवाहू बोटींतच कुटुंबे राहत. बोट सात फूट रुंद, केबिन जेमतेम दहा फूट लांब आणि दाराशी कोळशाची शेगडी. आता तशाच अरुंद बोटींत लोक हौसेने राहतात. मी त्याला म्हटले, ‘आधी वीज कुठून येणार ते बघ, हीटर मग निवड.’

हिशेब सोपा आहे. बारा व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये. म्हणजे हजार वॅटचा हीटर जेमतेम अर्धा तास चालेल. गाडीत सिगारेट पेटवायच्या सॉकेटचा फ्यूज १५ अँपिअरचा धरला, तर १८० वॅटच मिळतात. तेवढ्यात काचेवरचे धुके जाईल, खोली तापणार नाही. तेव्हा हीटर चालवायचा तो किनाऱ्यावरच्या किंवा तळावरच्या विजेवर. युरोपातल्या काही तळांवर सहाच अँपिअर मिळतात, म्हणजे सुमारे १३८० वॅट. तिथे दोन हजार वॅटचा हीटर लावला की वीज गेलीच. छोट्या केबिनला ५०० ते १००० वॅट पुष्कळ होतात.

उघड्या लाल तारांचा हीटर अंथरुणाशेजारी नकोच. तेल भरलेल्या रेडिएटरची तार दिसत नाही, पण तो जड असतो आणि बोट हलली की सरकतो. सिरॅमिकचा छोटा ब्लोअर मला जास्त पसंत आहे. त्यातल्या बेरियम टायटनेटचा रोध ठरावीक तापमानापुढे एकदम वाढतो, त्यामुळे पंखा अडला तरी प्रवाह आपोआप घटतो. उलटला तर बंद होणारी कळ आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारी सोय, ही दोन्ही असल्याखेरीज हीटर घेऊ नये.

जूल यांचा नियम हीटरपुरता थांबत नाही. तो सैल प्लगला आणि बारीक वायरलाही लागू आहे. रिळावर गुंडाळलेली वायर तशीच वापरली तर ती आतल्या आत तापते. ती पूर्ण उलगडावी. पाण्याजवळ ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा ब्रेकर हवाच. आणि जनरेटर केबिनच्या आत किंवा खिडकीखाली ठेवला, तर आपण पुन्हा बर्ड यांच्या खोलीत जाऊन बसलो.

हीटर झोपण्यापूर्वी लावून केबिन तापवावी आणि झोपताना तो बंद करून जाड पांघरूण घ्यावे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले. ज्याच्याकडे फक्त विजेचा हीटर आहे, त्यानेही ते लावावे. शेजारच्या बोटीचा धूर विचारून आत येत नाही. आणि कितीही गारठा असो, हवेचे झरोके बुजवू नयेत.