नॉरफॉकच्या पाऊलखुणा

मंडळी, आज आपण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफॉक परगण्यात जाऊ. तिथल्या एका गावाचं नाव अक्षरांप्रमाणे वाचलं तर आपण ‘हॅपिसबर्ग’ म्हणू. गावकरी मात्र ‘हेझ्बरा’ म्हणतात. मे २०१३ मध्ये समुद्रानं इथली वाळू ओढून नेली आणि खालच्या जुन्या, घट्ट चिखलात पाऊलखुणा दिसल्या. पन्नासेक असतील. मोठ्यांच्या, आणि लहान मुलांच्याही! थर, परागकण आणि मातीत टिकलेली उलटी चुंबकीय दिशा, यांवरून वय निघालं किमान सुमारे आठ लाख वर्षं. आफ्रिकेबाहेर तोवर इतक्या जुन्या खुणा सापडल्या नव्हत्या.

दोन आठवड्यांत लाटांनी त्या पुसून टाकल्या. संशोधकांनी भर पावसात फोटो काढून त्रिमितीय प्रतिरूप करून ठेवलं, तेवढंच उरलं. आपले नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. इथे धूरही गेला, हाती राहिलं धुराचं छायाचित्र. तरी पुरावा तो पुरावाच, असं आम्ही मानतो.

याच परगण्यात होम गावच्या किनाऱ्यावर १९९८ मध्ये ५५ ओक-खांबांचं वर्तुळ उघडं पडलं, मधोमध मुळं वर करून पुरलेला बुंधा. झाडं इसवीसनपूर्व २०४९ मध्ये तोडलेली. ते उचलायला स्थानिकांचा कडवा विरोध झाला. तरीही १९९९ मध्ये ते काढलं. आज त्यातले खांब आणि तो बुंधा किंग्ज लिनच्या संग्रहालयात आहेत. उचललं ते बरंच केलं, असं आम्हाला वाटतं. पण जवळच दुसरं वर्तुळ होतं, त्याच वर्षी तोडलेल्या लाकडांचं. ते मात्र समुद्राच्या हवाली सोडलं.