मुलगा की मुलगी : उंदराने दिलेली साक्ष



गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचा हिशेब आटोपला की घरच्या गोष्टी निघतात. कुणाला तिसरी मुलगी झालेली असते आणि बोलणी बसतात ती बाळंतिणीला. हा दोष बाईच्या माथी कसा आला आणि तो खोटा कसा ठरला, त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. त्यात किडे आहेत आणि उंदीरही आहेत.

सुमारे 2300 वर्षांपूर्वी ग्रीस देशात अॅरिस्टॉटल नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. गर्भ घडताना ऊब पुरेशी असली तर मुलगा होतो, कमी पडली तर मुलगी, असं तो म्हणे. म्हणजे त्याच्या लेखी मुलगी हा अर्धवट राहिलेला मुलगाच. पुढे शेकडो वर्षं लोक असेच तर्क करत राहिले. बाईचा आहार, तिची कूस, तिचं नशीब, सगळ्यावर बोट ठेवून झालं.

खरा पुरावा मिळाला तो 1905 साली, आणि तो शोधणाऱ्यांत एक बाई होती. अमेरिकेतल्या नेटी स्टीव्हन्स यांनी आधी शाळेत शिकवून पैसे साठवले आणि पस्तिशीत त्या विद्यापीठात गेल्या. त्यांनी धान्या-पिठात पडणाऱ्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. पेशीत धाग्यांसारखी गुणसूत्रं असतात. आईबापाचे गुण त्यांच्यातून लेकरात येतात. या किड्याच्या मादीत 20 मोठी गुणसूत्रं होती. नरात 19 मोठी आणि एक अगदी छोटं. नराच्या निम्म्या शुक्राणूंत ते छोटं गुणसूत्र जात होतं, निम्म्यांत जात नव्हतं. त्याच वर्षी एडमंड विल्सन हे शास्त्रज्ञही वेगळ्या किड्यांवर काम करून याच निष्कर्षाला आले.

माणसातही तसंच आहे. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक छोटं वाय. आईच्या बीजातून एक्सच येतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. यात बापाचाही गुन्हा नाही, कारण कोणता शुक्राणू पोचेल ते त्याच्या हातात नसतं.

पण वायमध्ये असं काय आहे, हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. काही पुरुषांत दोन एक्स असूनही वायचा एक तुकडा चिकटलेला सापडला. त्या तुकड्याचा माग काढत 1990 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी एक जनुक शोधलं. जनुक म्हणजे गुणसूत्रावरची एक सूचना. त्याचं नाव ठेवलं एसआरवाय.

हेच ते जनुक, हे पक्कं कसं करायचं? माणसावर असा प्रयोग करता येत नाही. उंदरात हेच जनुक असतं आणि उंदरीण सुमारे 20 दिवसांत विते. म्हणून रॉबिन लव्हेल-बॅज, पीटर कूपमन, पीटर गुडफेलो आणि त्यांच्या सोबत्यांनी उंदराच्या फळलेल्या बीजात बारीक काचेच्या सुईने हे जनुक सोडलं आणि ती बीजं उंदरिणीच्या गर्भाशयात वाढवली. 1991 साली त्यांनी निकाल छापला. दोन एक्स असलेलं, म्हणजे मादी व्हायचं पिल्लू, नर होऊन वाढलं होतं. त्याला वृषण होते आणि ते माद्यांशी नरासारखंच वागत होतं. मात्र त्याच्यात शुक्राणू तयार होत नव्हते. जनुक सोडलेल्या सगळ्याच माद्या नर झाल्या नाहीत, पण काही झाल्या, आणि तेवढ्याने सिद्ध झालं की सुरुवातीची कळ हीच.

उंदरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. सुरुवातीला मुलगा-मुलगी दोघांच्या गर्भात जननग्रंथी सारखीच असते. उंदरात साधारण अकराव्या-बाराव्या दिवशी ही कळ दाबली जाते, माणसात सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास. कळ दाबली गेली नाही तर आपोआप मुलगी, असं बरेच जण मानत. मग 2009 साली मोठ्या झालेल्या उंदरिणींमधलं फॉक्सएलटू नावाचं जनुक बंद केलं, तर त्यांच्या अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे अंडाशय टिकवायलाही शरीर कायम काम करत असतं. मुलगी म्हणजे उरलेलं काही नव्हे. अॅरिस्टॉटलचं म्हणणं इथे पुरतं खोटं ठरलं.

आपल्याकडे मात्र हे ज्ञान उलट्या कामाला लागलं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 साली कायदा केला, देशाने 1994 साली. तरीही 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली 2001 साली 913 होत्या, त्या 2011 साली 894 झाल्या.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी घरोघरी सांगा. मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी बापाच्या शुक्राणूवरून ठरतं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणी मुलगा होण्याची पुडी दिली तर ती घेऊ नका. वाय गुणसूत्र पुडीतून येत नाही. अशा औषधाने बाळाला अपाय मात्र होऊ शकतो. पुडी देणाऱ्याचं नाव आशाताईंना सांगा, आणि बाळंतिणीला बोल लावणाऱ्यांना ही उंदराची गोष्ट.