चेंडू चालला, कप्तानी नाही

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळू पालवणकरांना उभे केले. १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी ते हरले. एकाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, दुसऱ्याचे आडनावही कोकणातल्याच गावाचे. आम्हा रत्नागिरीकरांत बाळूंचे नाव निघते ते बहुधा या पराभवापुरते. मला त्यांची मैदानावरची कारकीर्द अधिक बोलकी वाटते.

चर्मकार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करीत. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती येत नसे. पुढे हिंदू संघाला या डावखुऱ्या फिरकीची गरज पडली. मैदानात सर्वांनी तोच चेंडू हाताळला. चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे.

१९०६ साली हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ बहुतेक सामने हरला; बाळूंनी तरी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाची कप्तानी त्यांना कधीच मिळाली नाही.

१९२३ मध्ये ती धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाली आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. गोलंदाजी हे राबणे होते, म्हणून ते चालले. नेतृत्व हा मान होता, म्हणून तो अडला. माझ्या मते बाळूंच्या कारकिर्दीतला खरा सामना हाच, आणि तो पूर्ण व्हायला दुसरा भाऊ लागला.