दिनविशेष : ५ नोव्हेंबर

१८७९ : ॲबर्डीन आणि लंडनच्या कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवलेले जेम्स क्लार्क मॅक्सवेल केंब्रिजमध्ये कर्करोगाने वारले. वय अवघे ४८. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, हे त्यांचे गणित रेडिओपासून मोबाइलपर्यंत साऱ्याच्या मुळाशी आहे. वायूंच्या प्रयोगासाठी खोली तापलेली हवी, तर भर उन्हाळ्यात शेगडी पेटती ठेवायला पत्नी कॅथरिन! ती आजारी पडली की उशाशी रात्री जागवणारे मॅक्सवेलच. चर्चचे ते एल्डर, म्हणजे पदाधिकारी, होते, पण विज्ञानाला धर्माच्या दावणीला बांधणे त्यांना नामंजूर होते. दोन्हींचा मेळ ज्याने त्याने आपल्यापुरता घालावा, असे सांगून १८७५मध्ये त्यांनी धर्म आणि विज्ञानाचा मेळ घालू पाहणाऱ्या व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूट या संस्थेचे सदस्यत्व नाकारले.