अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे लेखन आणि सहायक अध्यापकांची घडण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वडनेर भोलजीसारख्या गावातून मराठी माध्यमात शिकून शेगाव वा मलकापूर येथे अभियांत्रिकीस जाणारा विद्यार्थी गणित सोडवितो, आराखडा काढतो. अहवाल लिहिताना मात्र अडखळतो. हे लेखन कोणी शिकवावे आणि शिकविणाऱ्यास कोणी तयार करावे, हा प्रश्न नवा नाही. मुंबई इलाख्यात तो १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातच उभा राहिला होता.

१८२३ च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत अभियांत्रिकीची संस्था सुरू झाली. मोजणी व बांधकामासाठी सरकारला हाताखालची माणसे हवी होती. शिक्षण मराठी व गुजराती भाषांतून द्यावयाचे; पण भूमितीचे विधान मराठीत कसे लिहावे, याचा नमुनाच उपलब्ध नव्हता. म्हणून जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. अभियंत्याजवळ विषय होता, शास्त्र्याजवळ भाषा. पुस्तक असे दोघांत मिळून होऊ शकले. वर्गात मात्र दोन्ही जाणणारा एकच माणूस लागतो, आणि खरी अडचण तेथेच होती.

अशी व्यक्ती बाळशास्त्री जांभेकर यांच्या रूपाने लाभली. १८३२ मध्ये त्यांनी ‘दर्पण’ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सुरू केले. १८३४ पासून ते एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक होते आणि गणित शिकवीत. १८४५ मध्ये शिक्षक तयार करणारा वर्ग त्यांच्याकडे आला. परंतु १८४६ मध्येच त्यांचे निधन झाले. पुढे ते काम दादोबा पांडुरंग या व्याकरणकाराकडे गेले, ही बाब बोलकी आहे.

१८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला. अर्स्किन पेरी इंग्रजीच्या, तर जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकीचा वर्ग पुढे महाविद्यालय होऊन मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला. १८६० च्या दशकात विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून देशी भाषा मागे पडल्या. त्या परत याव्यात म्हणून न्यायमूर्ती रानडे झगडत राहिले. मात्र या साऱ्या वादात भाषा कोणती, याचीच चर्चा झाली. विद्यार्थ्याचे वाक्य दुरुस्त करणारा सहायक कसा घडवावा, हा जर्व्हिस–जांभेकरांचा प्रश्न बाजूला पडला.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली आणि पाठ्यपुस्तकांची भाषांतरे हाती घेतली. १८२३ मध्येही आरंभ पुस्तकांपासूनच झाला होता. मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास तर महानुभाव वाङ्मयाचे संशोधक वि. भि. कोलते यांचे नाव आहे.