झाडी गडाची, राखण रयतेची

पन्हाळ्याचा इतिहास बहुधा वेढ्यांच्या आणि हल्ल्यांच्या क्रमाने सांगितला जातो. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ निवडक मावळ्यांनिशी घेतलेला गड, पुढे मोगलांशी चाललेली रस्सीखेच. या साऱ्या कथांत शत्रू हा माणूस असतो. परंतु पन्हाळ्याच्या पायथ्याशी भात, नाचणी आणि ऊस पिकविणाऱ्या कुणब्याला दरसाल आणखी एक वेढा पडत आला आहे. त्यात तोफा नसतात. रानडुकरे, माकडे, साळिंदरे, गवे आणि खारी असतात. बखरींनी या वेढ्याची दखल फारशी घेतली नाही. त्याचा हा मागोवा. (धागा)

प्रारंभ पन्हाळ्यावरच विसावलेल्या एका मुत्सद्द्यापासून करणे योग्य ठरेल. रामचंद्रपंत अमात्यांची समाधी या गडावर आहे. त्यांच्या नावे असलेले ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे, म्हणजे कोल्हापूरकर छत्रपतींची गादी पन्हाळ्यावर असतानाचे. राजनीतीचा ग्रंथ म्हणून ते वाचले जाते. त्यातील झाडांविषयीची कलमे मात्र बागाइतदारानेही वाचावीत अशी आहेत. गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष आणि लिंबे, नारिंगे यांसारखी लहान झाडे लावावीत, फुलझाडे आणि वेलीही लावाव्यात, उपयोगाचे असो वा नसो, जे झाड तेथे जगेल ते जगवावे, असा त्याचा आशय. आरमाराच्या प्रकरणात आंबा-फणसाला हात लावण्यास मनाई आहे, कारण रयतेने ती झाडे पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात.

याच ग्रंथात आणखी एक आज्ञा आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. गडाच्या घेऱ्यातील रान हेच गडाचे संरक्षण होय. ते प्रयत्नपूर्वक वाढवावे, त्यातील एक काठीही तोडू देऊ नये. लष्करी दृष्टीने हा विचार निर्दोष आहे. दाट झाडीतून फौज वर चढत नाही आणि प्रसंगी त्याच झाडीत बंदूकधारी दडविता येतात.

पण झाडी रिकामी नसते. जे रान गडाला राखते, त्याच रानातून रात्री डुकरांचा कळप खाली शिवारात उतरतो. गडाची राखण झाडीने होत असे आणि त्या झाडीपासून शेताची राखण रयतेने करायची, अशी ही विभागणी होती. ती कोणी ठरवून केलेली नव्हती. आज्ञापत्रकारांना रयतेच्या आंबा-फणसाचा विसर पडला नाही. माळ्यावर जागणाऱ्याची रात्र मात्र त्यांच्या हिशेबात आलेली दिसत नाही.

राखणीची परंपरा मराठी मुलखात गडांहून कितीतरी जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात भाताचे शेत राखणाऱ्या तरुणी वारंवार भेटतात. पोपटांचे थवे हाकणे हे त्यांचे काम. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कुंपणाचे मापच दिले आहे: उंटाला वरून डोकावता येऊ नये इतके उंच, आणि कुत्र्या-डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक भोक बुजविलेले. स्मृतिकारांच्या इतर अनेक नियमांबद्दल काहीही मत असो, हा नियम लिहिणाऱ्याने डुक्कर जवळून पाहिले होते यात शंका नाही. डुक्कर कुंपणावरून उडी मारण्याच्या भानगडीत पडत नाही. ते सोंडाने खालून वाट काढते.

प्रत्येक प्राण्याशी लढण्याची रीत निराळी, हे शेतकऱ्याने अनुभवातून ओळखले. पाखरांसाठी गोफण आणि बुजगावणे. डुकरांसाठी काटेरी वई, म्हणजे करवंद, चिल्हार, निवडुंग यांचे सजीव कुंपण. बांधावर आज जी घायपात दिसते ती मूळची मेक्सिकोकडची. तीही आता इथलीच झाली आहे. डुकराची दृष्टी बेताची आणि नाक तिखट, म्हणून न्हाव्याच्या दुकानातील केस बांधाकडेने पसरण्याची युक्ती निघाली. माती हुंगत येणाऱ्या डुकराच्या नाकात केस जातात आणि ते मागे फिरते, निदान काही रात्री तरी. जुन्या साड्यांचे कुंपणही त्याच जातीचे: वाऱ्याने हलते, माणसाचा वास देते. गडी नवा असेतो डुक्कर बिचकते. एकदा सरावले की साडीखालून जाते.

खारीला तर कुंपण म्हणजे रस्ताच. पेरू, आंबा, चिकू पाडाला येण्याआधीच ती कुरतडते. एक फळ संपविण्यापेक्षा दहा चाखून टाकणे तिला अधिक आवडते. फळांना पिशव्या बांधणे आणि नारळाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्रा वेढणे हे तिच्यावरचे दोन खरे उपाय. पत्र्यावर नखे रुतत नाहीत, एवढेच त्यामागील तत्त्व. मात्र शेजारच्या झाडाची फांदी शेंड्याला टेकलेली असेल तर पत्रा व्यर्थ. खार खालून येतच नाही. माकडांपुढे हेही चालत नाही. त्यांना हाकायला माणूसच लागतो, आणि तोही दिवसभर.

येथे एक आडवाट घ्यावी लागेल. शिवकालीन पत्रांत कुरतडणाऱ्या प्राण्याचा सर्वात प्रसिद्ध उल्लेख उंदराचा आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळील लष्कराच्या तळाला लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराज बजावतात की रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील. त्याच पत्रात कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, लाकूड, भाजीपाला बळाने घेऊ नका, अशीही ताकीद आहे. कुणब्याच्या परड्यातील भाजीला धोका कोणापासून, याचे उत्तर त्या काळी केवळ रानातून येत नव्हते.

शेताच्या राखणीला गावगाड्यात संस्थात्मक रूपही होते. जागल्या, रामोशी, बेरड यांच्याकडे राखणदारी असे आणि त्याबद्दल धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. त्यातील एक तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे: गावात चोरी झाली आणि चोराचा माग लागला नाही, तर भरपाई राखणदाराने करायची. ज्याच्याकडे राखण, त्याच्याकडे नुकसानीचे दायित्व.

एकोणिसाव्या शतकात ही सारी घडी विस्कटली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला. गडाचे लष्करी महत्त्व संपले. झाडी राहिली, आणि तिच्यातील जनावरेही. पुढे ब्रिटिश हद्दीत १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे आले. वन कायद्याने रान सरकारच्या ताब्यात गेले आणि शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना आवश्यक झाला. रान सरकारचे, जनावर रानातले, पीक मात्र शेतकऱ्याचे. आणि ते राखण्याचे हत्यार पुन्हा सरकारच्या मर्जीवर.

ही विसंगती मराठीत सर्वात परखडपणे मांडली ती जोतीराव फुले यांनी. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांची मागणी अशी: रानडुकरांपासून शेत राखण्यापुरती गावठी बंदूकही सरकार शेतकऱ्याला ठेवू देणार नसेल, तर ते काम पोलीस खात्याकडे सोपवावे, तरीही डुकरांनी पीक खाल्ले तर नुकसान वरिष्ठ अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे. तसा कायदा झाल्याविना शेतकऱ्याला रात्री पुरेशी झोप मिळणार नाही आणि दिवसा काम करण्याची ताकदही उरणार नाही. या मागणीत गावगाड्याच्या त्या जुन्या तत्त्वाचा प्रतिध्वनी आहे, फक्त राखणदाराच्या जागी आता सरकार उभे आहे. शिवाय नुकसान केवळ कणसांत न मोजता झोपेत मोजणारा हा बहुधा पहिलाच मराठी लेखक.

कोल्हापूर संस्थानात चित्र थोडे निराळे होते. येथे दाजीपूरचे रान छत्रपतींच्या शिकारीसाठी राखीव होते. सह्याद्रीत गवा टिकून राहिला त्यात या राखीव रानाचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. आणि राखीव रानाच्या कडेला ज्यांची शेते होती त्यांनी त्याची किंमत मोजली, हेही. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५८ मध्ये दाजीपूर गव्यांचे अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले.

दरम्यान १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना नावानिशी मान्य केला. फुल्यांची अर्धी मागणी सुमारे पाऊण शतकाने कागदावर उतरली. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदूक हाती असूनही गव्यावर वा डुकरावर परवानगीविना ती चालविणे गुन्हा ठरले. तेव्हापासून ठासणीची बंदूक मुख्यत्वे बार काढण्यापुरती उरली. हा कायदा नसता तर आज गवा केवळ चित्रांत दिसला असता, ही बाजूही तितकीच खरी.

उरलेली अर्धी मागणी, म्हणजे भरपाई, आता शासनाच्या नियमांत आहे. ठरावीक मुदतीत तक्रार, मग वन, महसूल आणि कृषी खात्यांच्या लोकांचा पंचनामा, मग रक्कम. अंमलदाराच्या पगारातून मात्र ती कापली जात नाही. खारीने कुरतडलेल्या पेरूचा पंचनामा अर्थातच कोणी करीत नाही. सौर कुंपणाला अनुदान मिळते आणि डुकरांपुरते ते बरेच उपयोगी पडते. हजार किलोपर्यंत वजन भरणारा गवा धावत आला तर तारेची पर्वा करीलच असे नाही.

अलीकडे गवे पन्हाळ्याच्या उतारांवर आणि थेट कोल्हापूरच्या वेशीपर्यंत दिसू लागले आहेत. भात पोटरीला आले, ऊस कांड्यावर आला की पायथ्याच्या वाड्यांतून घरटी एक माणूस रात्रीच्या भाकरीनंतर घोंगडे आणि बॅटरी घेऊन राखणीला निघतो. मध्यरात्री तटावर उभे राहिले तर खालच्या शिवारातून पत्र्याच्या डब्यांचा आवाज वर ऐकू येतो.