पाठीमागचें इंजिन

कर्जतहून लोणावळ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या मागें जादा इंजिनें जोडतात, हें या वाटेनें प्रवास करणाऱ्यास सांगावयास नको. बोरघाटाचा चढ ठिकठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. १८६३ सालीं हा लोहमार्ग खुला झाला. वाफेचीं इंजिनें गेलीं, विजेचीं आलीं. पण चढ कांहीं मवाळ झाला नाहीं. पुढचें इंजिन ओढतें, मागचीं ढकलतात, आणि लोणावळें आलें कीं मागचीं सोडून देतात. तेथून पुढें मावळांतून गाडी आपल्या बळावर धांवते. ही साधी गोष्ट गेल्या पावसाळ्यांत आम्हांस एका अगदीं निराळ्या विद्येचा इतिहास समजावून गेली. तोच येथें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

लोणावळ्यास मुक्कामाला असतांना आम्हीं एक लहानसा उद्योग आरंभिला होता. तळहातावर मावेल एवढा, अवघ्या १ गिगाबाइट मेमरीचा एक संगणक आमच्यापाशीं होता. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राच्या सर्व अवयवांस कामाला लावणारी मूळ व्यवस्था, तिच्या सोर्सपासून त्याच यंत्रावर तयार करावयाची, असा आमचा संकल्प होता. प्रोग्राम रचणारा मनुष्य जी संहिता लिहितो तिला सोर्स म्हणतात. ती मनुष्यास वाचतां येते. पण यंत्रास ती जशीच्या तशी कळत नाहीं. यंत्रास कळणाऱ्या अंकांत तिचें रूपांतर करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. आपल्या हातीं येते ती सिस्टिम बहुधा असें रूपांतर झालेली असते. ती चालवितां येते, पण वाचतां येत नाहीं.

पहिल्या रात्रीं काम अर्ध्यावर बंद पडलें. प्रोसेसरच्या चारही गाभ्यांस एकदम काम सांगितल्यामुळें प्रत्येकाला मेमरी हवी झाली, आणि ती संपली. मग एका वेळीं एकच काम चालविलें, साठवणीच्या कार्डाचा कांहीं भाग मेमरीसारखा वापरावयास दिला, आणि आमच्यापाशीं नसलेल्या उपकरणांसाठीं लिहिलेले भाग वगळले. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं काम तडीस गेलें. आमचा भाचा हें सारें पाहत होता. तो म्हणाला, “मामा, हीच सिस्टिम तयार स्वरूपांत दहा मिनिटांत उतरवून घेतां आली असती. तीन दिवस कशाला घालविलेत?” प्रश्न योग्य होता. त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें ‘मल्टिक्स’ नांवाच्या प्रचंड सिस्टिमच्या योजनेंतून अंग काढून घेतलें. तेथील केन थॉम्प्सन यांस नवा मोठा संगणक मिळेना. फारसा कोणी न वापरीत असलेला एक पीडीपी-७ मिळाला. त्याची मेमरी ८ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या एका छायाचित्रासही न पुरणारी. थॉम्प्सन आरंभीं दुसऱ्या मोठ्या संगणकावर आपल्या प्रोग्रामांचें रूपांतर करीत, त्याची भोंकें पाडलेली कागदी फीत काढीत, आणि ती पीडीपी-७ वर नेऊन चढवीत. हेंच तें पाठीमागचें इंजिन! सिस्टिमचा गाभा, मजकूर लिहिण्याचें साधन, रूपांतराचें साधन व आज्ञा घेणारें साधन इतकें सिद्ध होतांच फितीची गरज सरली; लहान यंत्र आपली सिस्टिम आपणच रचूं लागलें. हीच युनिक्स. १९७३ सालीं ती डेनिस रिची यांच्या सी भाषेंत पुन्हां लिहिली गेली, आणि एका यंत्रासाठीं लिहिलेली संहिता दुसऱ्यावर नेणें सुकर झालें.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनीं १९७६ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची संहिता विद्यार्थ्यांपुढें ठेवून तिजवर भाष्य लिहिलें. संहिता सुमारें ९ हजार ओळींची, म्हणजे एका मनुष्यास समग्र वाचतां येईल एवढीच. परंतु १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानें संहिता वर्गांत शिकविण्यास मनाई केली. मग आपल्याकडे पोथ्या नकलून घेत तशा या भाष्याच्या छायाप्रती देशोदेशीं फिरल्या. त्याचें राजरोस प्रकाशन व्हावयास १९९६ साल उजाडलें.

विद्या उघडी ठेवण्याचें मोल मावळास नवें नाहीं. तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेप्रमाणें लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या निधीचें तें फळ. जपानांत कांचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तो चालविला. विद्या बाहेरून आली, पण ती येथें शिकविली गेली, आणि येथें तयार झालेले लोक देशांत अन्यत्र कारखान्यांत कामास लागले. तयार कांचसामान परदेशांतून मागविणें त्या काळींही अधिक सोपेंच होतें.

संहितेवरील बंधनास उत्तर असेंच शिकविण्यांतून व देण्यांतून मिळालें. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ योजना जाहीर केली. तिचा कंपायलर १९८७ सालीं सर्वांस खुला झाला. त्याच वर्षीं अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं शिकविण्याकरितां ‘मिनिक्स’ ही लहान सिस्टिम स्वतंत्रपणें लिहून प्रसिद्ध केली. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें ४ मेगाबाइट मेमरीच्या आपल्या संगणकावर लिनक्स आरंभिली, ती मिनिक्सच्या आधारानें व ग्नूच्या कंपायलरनें. डिसेंबरांत ०.११ ही आवृत्ति आली, तेव्हां लिनक्सवरच लिनक्स रचतां येऊं लागली. मागचें इंजिन पुन्हां एकदां सुटलें.

त्याच वर्षीं आमच्या पुण्यांत ‘परम ८०००’ सिद्ध झाला. प्रबळ महासंगणक देण्यास अमेरिका आढेवेढे घेत असतांना १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं हें काम झालें. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाहीं, तर अनेक लहान जोडावे, ही त्यांतील युक्ति. ते लहान प्रोसेसर, म्हणजे ट्रान्सप्युटर, ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे होते, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु ते जोडण्याची रचना आणि त्यांवर प्रोग्राम रचण्याची ‘पारस’ ही व्यवस्था पुण्याची होती. परक्याचें साहाय्य घेण्यांत कमीपणा नाहीं. तें कोठें संपतें हें ठाऊक नसणें हा कमीपणा होय.

आणि तें ठाऊक करून घेणें वाटतें तितकें सोपें नाहीं. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानांत स्वतः थॉम्प्सन यांनीं दाखवून दिलें कीं, कंपायलरमध्यें एकदां लबाडी दडविली, तर ती नव्या कंपायलरमध्यें आपोआप उतरते आणि सोर्सची ओळन् ओळ वाचूनही सांपडत नाहीं. कारण प्रत्येक कंपायलर तत्पूर्वींच्या कंपायलरनें रचलेला असतो. म्हणून कांहीं मंडळी मुळाकडे निघालीं. २०२३ सालीं ‘गीक्स’ नामक सिस्टिमच्या मंडळीनीं ३५७ बाइटांच्या एका बीजापासून पायरीपायरीनें संपूर्ण कंपायलर उभारून दाखविला. सुमारें चार ओळींच्या इंग्रजी मजकुराएवढें तें बीज. तें मनुष्य अक्षरशः तपासूं शकतो. तेथेंही काम चालविण्यास अगोदरचा एक गाभा लागतोच. पण आंधळ्या विश्वासाचें ओझें पुष्कळ हलकें झालें.

भाच्यास आम्हीं हें सर्व सांगितलें. दहा मिनिटांची वाट वाईट नाहीं. एरव्हीं आम्हीही तीच धरतों. आज लिनक्सच्या एकट्या गाभ्याची संहिताच कांहीं कोटी ओळींची झाली आहे, ती आम्हीं वाचली असेंही नाहीं. परंतु आमच्या यंत्रांत कोणते भाग आहेत, कोणते वगळले आणि कां, एवढें तरी आम्हांस आतां सांगतां येतें. आणि उद्यां कोणी तयार प्रत देण्याचें बंद केलें, तरी हें यंत्र अडून राहणार नाहीं.

त्यानें थोडा विचार करून विचारलें, “पण मामा, तुम्हीं वापरलेला कंपायलर कोठून आला?” तो तयारच उतरवून घेतलेला होता. आमची गाडी लोणावळ्यास पोहोंचली खरी, परंतु मागचें इंजिन आम्हीं अद्यापि सोडलेलें नव्हतें. पुढल्या सुटींत कंपायलर मुळापासून रचण्याचें ठरलें आहे. आणि या वेळीं यंत्रापाशीं भाचा बसणार आहे.